कुत्र्याचे मागचे पाय अचानक गेले, प्लीज कोणीतरी सांगा काय करू

भुंग्याची आई (शनिवार, रात्री ११:४०)

मंडळी, हात थरथरतायत त्यामुळे शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा. आमचा भुंगा, डॅशहंड, ६ वर्षांचा, नर. आज संध्याकाळपर्यंत चालत होता, म्हणजे जरा हळू पण चालत होता. साडेनऊला सोफ्यावरून उडी मारली, एकदाच कळवळून ओरडला, मागचे पाय लटपटायला लागले, झोकांड्या खात दोनचार पावलं गेला आणि बसला तो बसलाच. आता पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढतोय आणि मागचं धड नुसतं फरपटत येतंय. माझ्याकडेच बघतोय सारखा.

दोन दिवसांपासून पायरी चढायला नको म्हणत होता, पाठ कमानीसारखी करून उभा राहायचा, उचलला की पोट एकदम घट्ट करायचा आणि थरथरायचा. काल डॉक्टरांकडे नेलं तेव्हा पोटदुखी असेल म्हणून औषध दिलं होतं. आता वाटतंय ते पोट नव्हतंच.

नेहमीचा दवाखाना सकाळी १० ला उघडतो. रात्रभर चालू असणारं हॉस्पिटल आहे पण खूप लांब आहे. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

निवांत (रात्री ११:४६)

थांबू नका. आधी निघायची तयारी करा, बाकीचं वाटेत विचारा. आणि त्याला चालवून बघू नका आता, जागच्या जागी ठेवा.

रानवारा (रात्री ११:५२)

ताई घाबरू नका. आमच्या लॅब्राडॉरचं अगदी असंच झालं होतं, बॉल खेळता खेळता ओरडला आणि मागचा उजवा पाय गेला, डावा पण थोडा. आम्ही रोज गरम शेक आणि मालिश केलं, सुरुवातीला आपल्या घरातली पेनकिलर अर्धी दिली होती, महिन्याभरात पळायला लागला. शेक आणि हलक्या हाताने मालिश चालू करा, रक्तपुरवठा वाढला की ताकद येते. सकाळी निवांत दाखवा.

पशुवैद्य_एक (शनिवार/रविवार, रात्री १२:०३)

भुंग्याची आई, माणसांची पेनकिलर अजिबात देऊ नका. मालिशही नको, सकाळची वाटही नको. दिली असेल तर आत्ताच सांगा.

रानवारा, तुमचा हेतू चांगला आहे म्हणून राग न मानता वाचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यातलं काहीही कुत्र्याला आपल्या मनाने द्यायचं नसतं. पोटात अल्सर होतो, तो फुटू शकतो, किडनी जाते, लिव्हर जातं. आणि दुसरी गोष्ट अशी की आज घरी कुठलीही सूज उतरवणारी गोळी पोटात गेली आणि तासाभराने हॉस्पिटलमध्ये स्टेरॉइड द्यायची वेळ आली तर ते दोन्ही एकत्र देता येत नाही, म्हणजे डॉक्टरचे हात आपणच बांधून ठेवतो.

ताई, मला चार गोष्टी सांगा. एक, त्याचा मागचा पंजा हाताने उलटा करून जमिनीवर ठेवा, तो लगेच सरळ करतो का? (शरीराला आधार देऊन करा.) दोन, मागच्या बोटांच्या मधल्या कातडीला चिमटा काढला तर काय करतो? पाय मागे घेतो की मान वळवून तुमच्याकडे बघतो, ओरडतो? हे दोन वेगवेगळे आहेत. तीन, शेवटची शू कधी केली? चार, मागचे पंजे पुढच्यांच्या मानाने गार लागतात का, नखं निळसर दिसतायत का?

भुंग्याची आई (१२:११)

गोळी दिली नाहीये काहीच. पंजा उलटा ठेवला तर तसाच राहतोय, दोन्हीकडे. चिमटा काढला तर पाय आत ओढतो हो! म्हणजे कळतंय ना त्याला? मान मात्र वळवली नाही, म्हणजे डाव्या बाजूला एकदा वळवल्यासारखी वाटली. पंजे गार नाहीत. शू होतेय, खाली टॉवेल ओला होतोय थोडा थोडा, मगाशी उचलला तेव्हा पण थोडी सांडली.

पशुवैद्य_एक (१२:१९)

आता गाडी काढा. कारणं सांगतो, गाडीत वाचा, गाडी दुसऱ्या कोणीतरी चालवू दे.

पाय आत ओढणं म्हणजे दुखणं कळणं नव्हे. ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, चिमट्याचा निरोप पाठीच्या कण्यातच पोचतो आणि तिथूनच परत येतो, मेंदूपर्यंत जायची गरजच नसते. कणा मधोमध पूर्ण दबलेला असला तरी पाय ओढला जातो आणि मालक खूश होतात, रोज बघतो मी हे. मेंदूला कळलं तर कुत्रा मान वळवेल, ओरडेल, चावायला येईल, निदान डोळे मोठे करेल. डाव्या बाजूला मान वळवली म्हणताय ती फार मोलाची गोष्ट आहे, ती जायच्या आत पोचायचंय.

आणि टॉवेल ओला होतोय ती शू केलेली नाही. मूत्राशय भरून वाहतंय. मागच्या पायांचं जसं झालं तसंच मूत्राशयाचं, त्याला ते रिकामं करता येत नाहीये, भांडं काठोकाठ भरलं की कडेने सांडतं तसं सांडतंय. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा हे सांगा.

उचलताना छातीखाली एक हात आणि मागच्या मांड्यांखाली दुसरा, पाठ सरळ रेषेत. काखेत धरून लोंबकळू द्यायचं नाही. फळी, मोठा ट्रे, पुठ्ठ्याचं जाड खोकं, जे सपाट आणि कडक असेल त्यावर झोपवा आणि चादरीने सैलसं बांधा म्हणजे वळवळणार नाही.

भुंग्याची आई (१२:२४)

कपाटातली फळी काढली. निघालो.

टिपूची आई (१२:४०)

देवा, पोचू दे लवकर. झोप लागणार नाही आता, ताई पोचलात की एक ओळ टाका.

रानवारा (रविवार, सकाळी ७:१५)

डॉक्टर, रात्री उत्तर वाचलं, खरं सांगायचं तर वाईट वाटलं. मला हे माहीतच नव्हतं, मी मनापासून सांगितलं होतं. पण मग आमचा लॅब कसा बरा झाला हे कळत नाहीये. तुम्ही म्हणता तसं असतं तर तो बरा व्हायलाच नको होता ना?

पशुवैद्य_एक (सकाळी ८:०२)

फार चांगला प्रश्न आहे, आणि याच प्रश्नात अर्धा घोळ असतो म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या लॅबला बहुतेक वेगळा आजार झाला होता. दोन मणक्यांमधली गादी म्हणजे डिस्क, तिच्यातल्या कुर्चेचा एक बारीक कण पाठीच्या कण्यातल्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतो, पलीकडच्या भागाचं रक्त बंद होतं, एक प्रकारे मज्जारज्जूचा झटकाच. मोठ्या जातींत जास्त दिसतो, बऱ्याचदा पळताना खेळताना होतो, एकदा ओरडतात आणि थोड्या वेळाने दुखणं जवळपास नसतंच, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त जाते, आणि पहिल्या २४ तासांनंतर सहसा वाढत नाही. तुमचं वर्णन तंतोतंत तेच आहे. यात ऑपरेशन नसतं, व्यायाम आणि शुश्रूषा हाच इलाज, आणि संवेदना शाबूत असेल तर बरेचसे कुत्रे काही आठवड्यांत सुधारतात. तुमच्या सेवेचा उपयोग झालाच, पण पेनकिलरने तो बरा झाला नाही, तिच्यातून तो वाचला.

भुंग्याचं चित्र उलटं आहे. दोन दिवस आधीपासून दुखणं, कमानीसारखी पाठ, घट्ट पोट, आणि डॅशहंड. या बुटक्या पायांच्या जातींत डिस्कच्या आतला जेलीसारखा गाभा पहिल्या वर्षातच सुकायला लागतो, त्यात कॅल्शियम साठून खडूसारखा होतो. याचं मूळ १२ व्या गुणसूत्रावरच्या एफजीएफ४ जनुकाच्या जास्तीच्या प्रतीत आहे, हे २०१७ मध्ये सापडलं. पाय बुटके होण्यातही तिचा हात आहे. अशी खडू झालेली डिस्क एखाद्या साध्या उडीने फुटते आणि आतला चुरा वरच्या मज्जारज्जूवर आदळतो. उडी हे निमित्त, डिस्क कित्येक महिने तयार होऊन बसलेली असते, त्यामुळे सोफ्याला किंवा स्वतःला दोष देत बसू नये. बहुतेक वेळा ही फुटते छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात त्या जागी, कारण त्याच्या पुढे बरगड्यांना जोडणारा एक पट्टा डिस्कच्या वरून आडवा जातो आणि तिला धरून ठेवतो, इथे तो पट्टा नाही. या जागी दुखलं की कुत्रा पोट आवळून धरतो, म्हणून पोटदुखी समजण्याची चूक होते.

अशा कण्यावर शेकून चोळून दाब दिला तर उरलेला चुराही बाहेर येऊ शकतो. तेवढ्यासाठी रात्री एवढ्या जोरात लिहिलं.

रानवारा (सकाळी ८:२०)

कळलं. माझा रात्रीचा प्रतिसाद कोणी नुसता वरवर वाचून करू नये म्हणून इथे परत लिहितो, तो चुकीचा होता.

भुंग्याची आई (रविवार, दुपारी २:३०)

पोचलो होतो पहाटे दोनला. लिहायला आत्ता वेळ मिळाला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी मूत्राशयच रिकामं केलं, एवढंसं कुत्रं आणि ट्रेभर शू निघाली, मी बघतच राहिले. मग चिमट्याने बोटाच्या हाडावर दाबून बघितलं. डावीकडे त्याने मान वळवून कण्हल्यासारखं केलं, उजवीकडे बराच वेळ काही नाही आणि मग कान मागे टाकून जीभ चाटली. त्या म्हणाल्या हे पण कळणंच आहे, पुसट आहे पण आहे. पाचातली चौथी पायरी असं लिहिलंय पेपरवर. पहिली म्हणजे नुसतं दुखणं, दुसरी लटपटत का होईना चालणं, तिसरी उभं न राहता येणं पण पाय हलणं, चौथी पाय अजिबात न हलणं, आणि पाचवीत खोलवरची संवेदनासुद्धा जाते. म्हणजे साडेनऊ ते दोन एवढ्या वेळात आमचा दुसरीवरून चौथीवर गेला.

सकाळी एमआरआय झाला. एक्सरे का नाही विचारलं तर म्हणाल्या एक्सरेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका यांच्या मधली डिस्क. आज संध्याकाळी ऑपरेशन करायचं म्हणतायत. घरचे म्हणतात मुक्या जिवाला चिरफाड नको, आधी औषधं करून बघू. सासूबाई तर रडतायत. मला ठरवायचंय आणि डोकं चालत नाहीये.

सोनचाफा (दुपारी २:४१)

ताई, मी काय करा हे सांगणार नाही, आमचं काय झालं ते सांगते. आमची बीगल मुलगी, ५ वर्षांची. असेच पाय गेले. ज्या दवाखान्यात गेलो तिथे व्हिटॅमिनची इंजेक्शनं चालू केली, नसांची कमजोरी आहे म्हणाले, तीन दिवस रोज यायला सांगितलं. आम्ही रोज गेलो. चौथ्या दिवशी दुसरीकडे नेलं तर त्यांनी बोटावर दाबलं आणि ती समोर भिंतीकडे बघत बसली, काहीच नाही. ऑपरेशन केलं तरीही. ती परत चालली नाही. त्या तीन दिवसांबद्दल मी अजून रात्री जागी होते. कोणावर ओरडू म्हणून नाही, पण कोणीतरी पहिल्याच दिवशी मला सांगितलं असतं की पाय हलत नसताना एक एक तास मोजायचा असतो, तर मी उठून गेले असते.

टिपूची आई (दुपारी २:५५)

आमचा टिपू (शित्झू) बिनऑपरेशनचा बरा झाला, पण तो चालत होता, म्हणजे लटपटत. दुसरी पायरी म्हणताय ती. त्याला चार आठवडे क्रेटमध्ये, म्हणजे पिंजऱ्यात, बंद. आणि इथे माझी चूक सांगते, बाराव्या दिवशी तो इतका छान उभा राहायला लागला की मला दया आली, म्हटलं पाच मिनिटं मोकळा सोडू घरात, बेल वाजली आणि हा दाराकडे सुसाट. त्याच रात्री परत लटपट, पुन्हा पहिल्यापासून चार आठवडे. बरं वाटायला लागतं गोळीने, डिस्कवरची जखम आतून भरायला वेळ लागतोच.

पशुवैद्य_एक (दुपारी ३:१०)

ताई, निर्णय तुमचा आणि घराचा, मी फक्त मला जे माहीत आहे ते मांडतो.

चालू शकणाऱ्या कुत्र्याला सक्तीची विश्रांती आणि दुखण्याची औषधं देऊन बघणं रास्त आहे. पाय हलत नाहीत पण संवेदना आहे, अशा अवस्थेत ऑपरेशन झालं तर दहापैकी नऊ कुत्रे पुन्हा चालतात. संवेदना पूर्ण गेल्यावर ऑपरेशन केलं तर साधारण निम्मे. आणि त्या निम्म्यांत न आलेल्यांपैकी काहींचा मज्जारज्जू पुढच्या काही दिवसांत मानेच्या दिशेने वितळत जातो, सुन्नपणा पाठीवरून पुढे सरकतो, शेवटी श्वास जातो, त्यावर कोणाकडेच इलाज नाही. तुमचा आज दहापैकी नऊवाल्या गटात आहे. उद्या सकाळी कुठल्या गटात असेल हे मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही.

चिरफाड हा शब्द घरच्यांना घाबरवतो म्हणून सांगतो, मणक्याच्या बाजूला हाडात छोटी खिडकी पाडतात आणि तो खडूचा चुरा बाहेर काढतात. दाब उतरतो. खर्च किंवा अंतर यामुळे ज्यांना शक्यच नाही त्यांच्या कुत्र्यांनाही विश्रांती आणि शुश्रूषेने पाय आलेले मी बघितलेत, ते अपराधी नाहीत. पण शक्य असेल तर आज.

भुंग्याची आई (दुपारी ३:४८)

सही केली. सासूबाईंना फोनवर सोनचाफाताईंचं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या कर.

जुना_मित्र (रविवार, सायंकाळी ५:३०)

ताईंचं चांगलं होवो. जरा वेगळं विचारतो इथेच. आमचा जर्मन शेफर्ड १० वर्षांचा. मागचे पाय गेले सहा महिने हळूहळू कमी होतायत, चालताना मागच्या नखांचा खर्र खर्र आवाज येतो, नखं पुढून झिजलीत. दुखत अजिबात नाही, दाबलं तरी नाही. हा पण डिस्कचाच प्रकार का?

पशुवैद्य_एक (सायंकाळी ६:१५)

दुखत नाही, हळूहळू वाढतंय, नखं घासतायत, शेफर्ड, आणि वय आठच्या पुढे, यावरून मज्जारज्जूच्या ऱ्हासाचा आजार डोक्यात येतो. एसओडी१ नावाच्या जनुकातल्या दोषाशी त्याचा संबंध आहे, त्याची तपासणी होते. औषधाने थांबत नाही, पण रोजच्या नेमक्या व्यायामाने चालण्याचे दिवस वाढवता येतात. मात्र त्याआधी कमरेच्या खालच्या टोकाशी नसा दबणं, खुब्याचे सांधे, जुनी डिस्क हे सगळं बघून घ्या, कारण त्यांच्यावर इलाज आहे. शेपूट उचलताना किंवा गाडीत उडी मारताना कुरकुर करत असेल तर मुद्दाम सांगा.

आता विषय निघालाच आहे तर, मागचे पाय गेले म्हणजे पाठच असं नाही. दोन्ही गुडघ्यांचे लिगामेंट तुटले तरी कुत्रा मागून उठत नाही आणि सगळे मणके तपासत बसतात, फरक एवढाच की त्याचा उलटा ठेवलेला पंजा तो लगेच सरळ करतो. काही प्रकारच्या गोचिडांच्या लाळेतल्या विषाने पाय मागून सुरू होऊन पुढे लुळे पडत जातात, तिथे कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली, ओठांच्या आत एक एक केस बाजूला करून गोचीड शोधावी लागते. मागचे पाय गार, नखं निळी, मांडीतली नाडी लागत नाही तर रक्ताची गुठळी. हिरड्या पांढऱ्या फटक आणि कुत्रा कोसळला तर पोटात रक्तस्राव, तिथे पायांचा संबंधच नाही. लस न झालेल्या पिल्लाचे पाय झटके मारत जात असतील तर डिस्टेंपर हा विषाणूचा आजार. मान एका बाजूला कलती, डोळे इकडून तिकडे फिरतायत आणि तोल जातोय तर तो कानाचा किंवा मेंदूचा भाग. म्हणून दाखवायला न्यायच्या आधी मोबाईलवर चालण्याचा व्हिडिओ काढून ठेवा, दवाखान्यात घाबरून कुत्रे वेगळेच वागतात.

जुना_मित्र (सायंकाळी ६:२२)

आभारी आहे डॉक्टर. उद्याच नेतो.

भुंग्याची आई (बुधवार, रात्री १०:०५)

घरी आणला. पाठीवर शिवण आहे, केस काढलेत, अगदी पिल्लू दिसतंय. पाय अजून हलत नाहीत.

सगळ्यात अवघड शू. दिवसातून चार वेळा मूत्राशय हाताने रिकामं करायचंय. हॉस्पिटलमध्ये शिकवलं, तिथे जमलं, घरी आल्यावर पहिल्या वेळेला अर्धा तास नुसती पोट दाबत बसले आणि एक थेंब नाही. मग आठवलं त्या काय म्हणाल्या होत्या, की बोटांनी टोचायचं नाही, तळवे सपाट ठेवायचे, मागच्या पायांच्या जरा पुढे दोन्ही बाजूंनी, आणि आधी शोधायचं. शोधलं. पाण्याने भरलेल्या छोट्या फुग्यासारखं लागतं, बाकीच्या आतड्यांतून निसटतं, ते तळव्यांमध्ये आलं की थांबायचं आणि हळूहळू दाब वाढवत नेऊन तसाच धरून ठेवायचा. दहा सेकंद काहीच होत नाही आणि मग धार लागते. शेवटी फुगा रिकाम्या पिशवीसारखा लागेपर्यंत धरायचं. मूत्रमार्ग सैल पडायची गोळी पण आहे. शू गढूळ दिसली किंवा वास बदलला तर लगेच कळवा म्हणालेत, इन्फेक्शन फार पटकन होतं.

रात्री धार लागली तेव्हा मी रडले.

सोनचाफा (बुधवार, रात्री १०:२०)

फुग्याचं अगदी बरोबर लिहिलंत. आमचं चार वर्षं चाललंय हे. आणखी काही गोष्टी: दर तीनचार तासांनी कूस बदला, नाहीतर खुब्याच्या आणि घोट्याच्या हाडावर जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. अंथरूण जाड आणि कोरडं. मागचे पाय एक एक करून हळूच वाकवा-सरळ करा, सायकल चालवल्यासारखं, पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. पंजाच्या गादीमधले केस कापा, फरशीवर जिथे जिथे तो जाणार तिथे न घसरणारी मॅट. गळ्याचा पट्टा बंद, छातीचा हार्नेस. बाहेर नेताना पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग तोलून धरा, नर आहे त्यामुळे टॉवेल शूच्या जागेवर येणार नाही इतका पुढे धरा.

आणि माझी मुलगी चाकाच्या गाडीवर इतकी पळते की तिच्यामागे मला धावावं लागतं. चालली नाही म्हणजे संपलं असं कधीच नव्हतं. हेही तुमच्या घरच्यांना सांगून ठेवा, लागलंच तर.

भुंग्याची आई (अकरावा दिवस)

आज मी बाहेरून आले आणि दार उघडताना शेपूट हलली. मी नीट बघितलं, दोनदा बाहेर जाऊन परत आले. दोन्ही वेळा हलली.

पशुवैद्य_एक (त्याच दिवशी)

तुम्हाला बघून हलली म्हणजे निरोप मेंदूतून निघून शेपटीपर्यंत पोचला. ही पाय ओढण्यासारखी क्रिया नाही. फार फार आनंद झाला ताई. क्रेटमधून बाहेर मात्र काढू नका.

टिपूची आई (त्याच दिवशी)

बारावा दिवस लक्षात ठेवा!! बेल वाजली तरी नाही.

भुंग्याची आई (सातवा आठवडा)

बरेच दिवस लिहिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात डावा पाय टेकवायला लागला, पाचव्यात टॉवेलच्या आधाराने चार पावलं. पाण्यातल्या ट्रेडमिलवर आठवड्यातून दोनदा जातो, पाण्यात वजन कमी होतं ना, तिथे जमिनीपेक्षा आधी चालला. आता अंगणात स्वतःचा स्वतः फिरतो, उजवा पाय अजून जरा आडवा पडतो आणि वळताना मागचा भाग घसरतो, तो बहुतेक तसाच राहील म्हणाल्या. शू स्वतःची स्वतः करतो, पाय उचलून नाही, बसून, पण स्वतः. वजन उतरवायचंय. सोफ्याला रॅम्प केलाय, पायऱ्यांना फाटक. दुसरी एखादी डिस्क पुढे फुटू शकते हे माहीत आहे.

रानवारा दादा, तुम्ही दर आठवड्याला मेसेज करून विचारत होतात, सासूबाईंनी तुम्हाला मुद्दाम नमस्कार सांगितलाय.

रानवारा (सातवा आठवडा)

त्यांना माझाही नमस्कार. व्हिडिओ पाहिला, तीन वेळा पाहिला.

कवडसा (काही महिन्यांनी, सकाळी ५:५०)

धागा वर काढतेय, माफ करा. आमची कॉकर, ७ वर्षांची, रात्री झोपली तेव्हा ठीक होती, आत्ता उठली तर मागून उभीच राहत नाहीये. सगळे प्रतिसाद वाचायला घेतले पण डोळ्यांसमोर अक्षरं नाचतायत. सुरुवात कुठून करू? दवाखाना ९ ला उघडतो.

भुंग्याची आई (५:५४)

मी जागी आहे. वाचत बसू नका. पेनकिलर देऊ नका, मालिश नको. मागच्या बोटांमध्ये चिमटा काढा आणि पायाकडे बघू नका, तिच्या तोंडाकडे बघा. काय करते?

कवडसा (५:५७)

पाय ओढला. तोंडाकडे बघितलं, मान वळवली तिने, माझा हात चाटला.

भुंग्याची आई (५:५८)

मग फळी शोधा. ९ पर्यंत थांबायचं नाहीये, जे उघडं असेल तिथे. शू शेवटची कधी केली ते गाडीत बसल्यावर सांगा.